शिडी एका घरी, ड्रिल दुसऱ्या घरी

बोर्डाचं झाकण उघडलं की तो आधी तोंडाने चुकचुक करायचा. मग कानामागचा टेस्टर काढायचा, आत नुसता दाखवायचा आणि मागे उभ्या असलेल्या घरमालकाला विचारायचा, "हाई काम कोनी करेल शे?"

हे काम कुणी केलंय, हा प्रश्न नसायचा, आरोपपत्र असायचं. नंतर आधीच्या मिस्तरीचा उद्धार व्हायचा. जोड कसा दिलाय, टेप कशी गुंडाळलीय, अर्थिंगची वायर कशी नुसती शोभेला सोडलीय. आमच्या स्वयंपाकघरातल्या बोर्डासमोर तो असाच बराच वेळ कडाडला. आई भाकरी थापत शांतपणे ऐकत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "तुम्हीच करेल शे, भाऊ."

तो क्षणभरही गडबडला नाही. "तवय मी नवा व्हतू," म्हणाला, आणि पक्कड मागायला हात पुढे केला. पक्कड नव्हती. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी होती.

तुमच्याही गल्लीत असा एक मिस्तरी असेल, तर मी काय सहन केलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. वयाने तो आमच्या नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या बरोबरीचा. पण अख्खी गल्ली त्याला अरेतुरेच करायची, मीही. माझी अडचण इतरांपेक्षा मोठी होती. आम्ही काही तरुण पोरं-पोरी नंदुरबारमध्ये घरोघरी पत्रकं वाटायचो. मथळा मीच लिहिला होता: "आधी परवाना विचारा, मगच बोर्ड उघडू द्या!" खाली उद्गारचिन्हं भरपूर. बिनपरवाना वायरमन, उघडे जोड, मुलाबाळांचे जीव. एकही शब्द खोटा नव्हता आणि आजही नाही.

फक्त आमच्या भागात परवाना असलेला माणूस एकच होता आणि तो हा होता.

पत्रक वाचल्यापासून त्याने नवीनच चाळा सुरू केला. घरात शिरला की आधी परवाना दाखवायचा. प्लास्टिकमध्ये घातलेला, वरच्या खिशात, छातीशी. समोरच्याने फोटो आणि चेहरा ताडून पाहिल्याशिवाय तो चपलाही काढायचा नाही. फोटोतला माणूस पंचविशीचा, जाड मिशांचा. बायका म्हणायच्या, हा तू नाहीसच. मग त्यावर वाद. काम दुपारी.

बिनपरवान्याची पोरं मात्र फोन केला की हजर. उभ्या उभ्या जोड द्यायची आणि जायची. मी पत्रक पुढे केलं की लोक दात काढायचे. "ताई, तुन्हा लायसनवाला कोठे शे?" तो कुठे आहे हे त्याच्या बायकोलाही माहीत नसायचं.

त्याची कामाची पद्धत अशी: एक काम सुरू करायचं, ते अर्ध्यावर आलं की "सामान लई येस" म्हणत सामान आणायला निघायचं आणि वाटेत दुसऱ्याच्या घरी दुसरं काम उघडायचं. असा कोणत्याही दिवशी तो चार-पाच घरांत पसरलेला असायचा. लोक काही मूर्ख नाहीत. त्यांनी त्याची हत्यारं अडकवून ठेवायला सुरुवात केली. शिवणकाम करणाऱ्या काकूंचा पंखा हुकाला नुसता लटकत होता, म्हणून त्यांनी शिडी आणि केबलचं रीळ दाबून ठेवलं होतं. पिठाच्या गिरणीवाल्याची मोटर उघडी पडली होती, म्हणून पान्यांचा डबा आणि ड्रिल त्याच्या ताब्यात. आता काकूंच्या पंख्याला ड्रिल हवं आणि गिरणीवाल्याला शिडी. पण आधी कोण सोडणार? "पयले मन्हा पंखा लाव, मंग लई जा," काकू म्हणायच्या. गिरणीवालाही तेच म्हणायचा. मधे हा परवानाधारक गृहस्थ खिसा चाचपत हिंडायचा. संपूर्ण गल्लीचं काम त्याने असं एकमेकांत गुंतवून ठेवलं होतं. चिडचिड होते ना वाचूनही? मी तिथे राहत होते.

या गुंत्यात नानांचं मशीन सापडलं.

नानांनी आयुष्यभर मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या मैदानावर काम केलं. लाल मिरच्यांचे गालिचे फोटोत छान दिसतात. तोंडाला फडकं बांधून त्यातली धूळ वर्षानुवर्षं गिळणारा माणूस फोटोत येत नाही. त्यावर वेगळं पत्रक लिहीन. दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ऑक्सिजनचं मशीन आता कायम, आणि लाईट गेली तर पर्याय हवा. एक छोटा सिलिंडर होता, पण तो थोडाच वेळ पुरणारा. नवापूरच्या चुलतभावाने त्याच्या कोंबड्यांच्या शेडवरचा जुना जनरेटर पाठवून दिला.

मिस्तरीला बोलावलं. परवाना पाहून झाला. त्याने जनरेटर अंगणात खोलला, एअर फिल्टरमधून मूठभर पांढरी पिसं काढली, चुकचुकला आणि विचारलं, कोनी करेल शे? कोंबड्यांनी, मी म्हटलं. तो हसला. चेंजओव्हर स्विच बसवावा लागेल, म्हणजे घर एका वेळी सरकारी किंवा जनरेटरच्या, एकाच विजेवर राहील, असं त्याने नानांना नीट समजावलं. मग कार्बुरेटरचे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून सामान आणायला गेला.

तो धडगावला गेला. तिथल्या कुठल्याशा वसतिगृहाचं काम निघालं म्हणे. घाटात फोन लागत नाही. आठवडाभर ते तुकडे वर्तमानपत्रावर होते. आई रोज त्यांच्या कडेने झाडायची. मी रोज फोन करायचे आणि रोज त्याला सुनवायला नवा शब्द शोधायचे.

आणि मग एका दुपारी लाईट गेली. कोपऱ्यावरच्या खांबावर काहीतरी जळलं होतं. लाईनमन वर चढला होता. खालून लोक विचारत होते, किती वेळ लागेल, आणि तो जळकी वायर सोडवत होता. नानांना सिलिंडर लावला. सिलिंडरचा काटा आई बघत बसली. मी पळाले.

मिस्तरी काकूंच्या दारात सापडला, त्या सकाळीच परतलेला, शिडीसाठी विनवण्या करत होता. मी ओरडूनच सांगितलं. काकूंनी एका शब्दानेही पंख्याचं नाव काढलं नाही. रीळ उचलून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकलं आणि स्वतः गिरणीवाल्याकडे धावल्या. पान्यांचा डबा घेऊन गिरणीवालाच आला, पीठभरल्या अंगाने.

आई म्हणाली, नवापूरला पोरं करतात तसं करा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घ्या, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. सगळं घर चालू होतं.

"खांबवर मानूस शे, वहिनी," तो मान वर न करता म्हणाला. "पलटीसन करंट लाईनवर गया त तो मरी."

"आनि आठे घरमा मानूस मरी ऱ्हायना, त्यानं काय?"

"मेन बंद करू म्हटलं तरी घाईत राही जाई. नही. जमाव नही."

मला तो बरोबर आहे हे कळत होतं आणि त्यानेच जास्त संताप येत होता. आठवड्यापूर्वी स्विच बसवला असता तर आईवर हे बोलायची वेळच आली नसती. हे मी त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, पत्रकाच्या भाषेत सुनावलं.

"तू बोल, ताई," तो म्हणाला. "मन्हा हात चालू शे."

खरंच चालू होता. तुकडे जागेवर गेले. घराच्या वायरिंगला हात न लावता त्याने रिळाची केबल खिडकीतून थेट नानांच्या मशीनपर्यंत नेली. गिरणीवाल्याने दोरी ओढली. जनरेटर खोकला, बंद पडला, पुन्हा खोकला, लागला. पण आचके द्यायचा. हवा कमी-जास्त करणारी चोकची दांडी सोडली की जागेवर राहत नव्हती. मिस्तरी खाली बसला आणि ती दांडी बोटाने अर्ध्यावर धरून ठेवली. आत मशीन चालू झालं.

तो तसाच बसून राहिला. ऊन अंगणात सरकत त्याच्या पाठीवर आलं. भोवती गल्ली जमली होती आणि जो तो आपापल्या अर्धवट कामाचा हिशोब त्याला ऐकवत होता. आता तो पळून जाऊ शकत नव्हता ना. आईने चहा केला. त्याचा एक हात दांडीवर, दुसरा पेट्रोल आणि काजळीने माखलेला. काकूंनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्याच्या ओठांना लावली. "पी," म्हणाल्या. "आनि मन्हा पंखा ध्यानमा ठेव."

लाईनमन खाली उतरला आणि लाईट आली, तेव्हा मिस्तरीचं बोट सरळ होईना.

दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला. चोक दुरुस्त केला आणि चेंजओव्हर बसवला, एकाच दिवसात. खटका वर म्हणजे सरकारी लाईट, खाली म्हणजे आपली, असं नानांना दोनदा करून दाखवलं. परवाना दाखवायचा विसरला. स्विचच्या डब्याच्या झाकणाला दोन स्क्रू कमी पडले, ते उद्या आणतो म्हणाला.

उद्या आला नाही. परवाही नाही. मी फोनवर शब्द शोधू लागले, फोन उचलला गेला नाही. मग काकू आल्या. दारातच उभ्या राहिल्या, चप्पल न काढता. रात्री झोपेतच गेला, म्हणाल्या. पदराने डोळे पुसले, पण आवाज भांडणाचाच होता. "मन्हा पंखा तसाच ऱ्हायना माय, आनि तो गया."

काही दिवस ते झाकण दोन स्क्रूंवर तिरकं राहिलं. आई त्याला हात लावू देईना. मला हे पटत नव्हतं. उघडा डबा धोक्याचा असतो, कुणी बसवलेला आहे याने वीज थांबत नाही. शेवटी मी बाजारातून स्क्रू आणले, नानांना सिलिंडरवर घेतलं, मेन बंद केला आणि स्वतः लावायला बसले. पहिला वाकडा शिरला. काढून पुन्हा बसवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती.

मेन चालू केला. आत मशीनने एकदा पीं केलं आणि त्याची घरघर सुरू झाली.

"व्हयनं का काम?" नानांनी आतून विचारलं.

"व्हयनं," मी म्हणाले.