गोव्याच्या पाहुण्यांचं जुनं गाणं

पालीच्या हायस्कुलातल्या खानविलकर सरांनी माझ्या वडिलांना समजावलं नसतं, तर मी आंब्याच्या पेट्या ठोकत बसलो असतो. सरांमुळे घरातला पहिला बी.एस्सी. झालो आणि रत्नागिरीत मुश्ताकभाईंच्या स्टुडिओत साउंड इंजिनियर म्हणून लागलो. २००१ साली त्याच स्टुडिओत दोन गोरे म्हातारे माझ्यासमोर भांडत होते.

ब्रूनो आणि नील. दोघं गोवा ट्रान्स वाजवायचे, म्हणजे किनाऱ्यावर पहाटेपर्यंत नाचण्यासाठी कीबोर्डवर केलेलं, शब्द नसलेलं संगीत. त्यांचं एक गाणं पूर्वी फार गाजलं होतं. त्याच तोडीचं नवं करायचं, नाही जमलं तर जोडी मोडायची, असं ठरवून ते आले होते. गोव्यात ओळखीचे लोक डोकावतात, म्हणून रत्नागिरी.

रोज आधी कॅसेटवर जुनं गाणं ऐकायचे, मग दुसऱ्या मशीनवरचं नवं. नवं हळू वाटे. वेग वाढवला, तर सूर खाली वाटे. जुन्या गाण्याचा वेग किती ठेवला होता, ते दोघांनाही आठवत नव्हतं. त्या काळातलं त्यांना एकंदरच फार आठवत नव्हतं.

"तेव्हा आपण काय सुसाट होतो!" नील म्हणाला. "आता संपलं सगळं."

"तू संपलास," ब्रूनो म्हणाला. "माझा फक्त कीबोर्ड उतरलाय."

कीबोर्ड जुन्या गाण्यात वाजवलेलाच होता. मी भजनी मंडळाची पेटी काढून त्याच्याशी ताडून पाहिली. सूर बरोबर जुळला. म्हणजे कॅसेटच चढी वाजत होती. टेप जोरात फिरली की गाणंही पळतं आणि सूरही चढतो. मी मुश्ताकभाईंना गाठलं.

"भाई, हा कॅसेट-डेक फास्ट आहे."

"आहेच. मीच वेगाचा स्क्रू पिळलाय."

"का?"

"अरे मेल्या, शिमग्यातले नमन-खेळेवाले काय घड्याळ बघून गातात? त्यांची लांबलचक टेप यावर पळवली नाही, तर कॉपी करताना साठ मिनिटांच्या कॅसेटीत बसवायची कशी?"

मी स्क्रू जागेवर आणला आणि पाहुण्यांना जुनं गाणं खऱ्या वेगात ऐकवलं.

"हे एवढं रटाळ होतं?" नीलने विचारलं.

"लोक नाचले कसे यावर?" ब्रूनो म्हणाला.

मग दोघं इतके हसले की मुश्ताकभाई चहा घेऊन बघायला आले. नवं गाणं त्याच आठवड्यात पुरं झालं. ते गेल्यावर मी सरांना लिहिलं:

"ती. सरांना सा. न.

मोजण्याआधी मोजपट्टी तपासावी, हे तुम्ही शिकवलंत. तपासली, चूक सापडली, जोडी टिकली. पण पाहुण्यांनी जाताना स्क्रू पुन्हा पिळून घेतला आणि डेकच विकत नेला. त्यांचं जुनं गाणं म्हणे त्याच्यावरच चांगलं वाजतं. आमचा नवा डेक अगदी अचूक आहे. त्यावर नमन मावत नाही, म्हणून मुश्ताकभाई माझ्याशी बोलत नाहीत. दुरुस्ती करण्याआधी ती कोणाला हवी आहे का, हेही विचारावं, असं आता वाटतं.

आपला विद्यार्थी,
सुरेश"