डेटावर झाकण

आधी काकाजींचं लिहिते, मोबाईल कंपनीचं मागून. अकोल्याच्या जठारपेठेत आमची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि खाली काकाजी राहतात. पाटबंधारे खात्यात बाबू होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. नात्याचे नाहीत, जातीचे नाहीत, आमच्याकडून त्यांना चहाच्या वर कधी काही मिळालं नाही. तुमचं नाव टाकू का, असं विचारलं तर म्हणाले, "काही गरज नाही. नाव झालं की लोक अर्ज लिहून मागाले येतात." म्हणून नाव नाही. पण आज मी अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या शर्टांच्या कारखान्यात मशीनवर बसून आहे आणि माझी आई अकोल्यात तिच्या ओट्याजवळ उभी आहे, ते या माणसामुळे.

आई जन्मापासून बहिरी. त्यामुळे बोलतही नाही. तिला शाळा कोणी दाखवली नाही, म्हणून तिच्या खुणा पुस्तकातल्या नाहीत, घरच्या आहेत. मनगटावर दोनदा टिचकी म्हणजे मी, कारण लहानपणी तिला बोलवायचं तर मी तशीच टिचकी मारायची. जठारपेठेत चार घरी ती पोळ्या लाटते आणि त्या चारही घरांना तिच्या खुणा येतात. दूधवाल्याला येतात, काकाजींना तर माझ्यापेक्षा जास्त येतात. म्हणून ती माझ्याजवळ यायला तयार नाही. नांदगाव पेठेत तिला पाणी मागायचं म्हटलं तरी पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

मी मात्र पहिलीपासून सुरू करून आठवीत थांबले. बाप गेला आणि शाळा सुटली. मग दुकानांत, मग शिवणक्लासमध्ये, आणि शेवटी इथे. अकोला ते अमरावती म्हणजे कोणी लांब म्हणणार नाही. बसने तीनेक तास. पण ज्या माणसाला फोनवर आवाज ऐकू येत नाही, त्याच्यासाठी तीन तास आणि दुबई एकच.

गेल्या वर्षी आई न्हाणीत पडली. पाय मुरगळला होता, फार काही नव्हतं, पण सकाळी दूधवाला दार ढकलून आत येईपर्यंत ती तिथेच बसून होती. ओरडायची सवय नाही, तर ओरडणार कशी. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी नोकरी सोडायला निघाले होते, तेव्हा हा मार्ग निघाला. शिफ्ट सुटली की गेटवर जमा केलेला फोन घ्यायचा, खोलीवर यायचं, व्हिडिओ कॉल लावायचा आणि झोपेपर्यंत तो बंदच करायचा नाही. तिचा फोन तिच्या फळीवर, माझा माझ्या डब्याला टेकवून. बोलणं दहा मिनिटांचं. बाकी नुसतं दिसणं. ती भाजी चिरते, मी कपडे धुते. मधूनच ती मान वर करून बघते, मी आहे का. मी असते. एवढ्यावर माझी नोकरी चालू होती.

हे सगळं अनलिमिटेड डेटाच्या भरवशावर. आणि एक दिवस कंपनीचा मेसेज आला: प्रिय ग्राहक, तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी तुमचा प्लॅन बदलण्यात येत आहे. मला तर अशा 'प्रिय' म्हणणाऱ्या माणसांची आधीच भीती वाटते. पुढे बारीक अक्षरांत होतं की अनलिमिटेड संपलं, आता रोज दीड जीबी, आणि नंतर स्पीड कमी. कमी म्हणजे काय ते मी अनुभवलं. आईचा हात हवेत अडकतो आणि पाच मिनिटं तसाच राहतो, बस थांबवायला उभी असल्यासारखा.

आमच्या लाइनवर चाळीस बायका. दुपारच्या डब्याला दुसरा विषय नाही. एकीची सिरीयल, एकीच्या पोराचा क्लास, एकीचा नवरा सुरतेत. आणि अशा वेळी अक्कल शिकवणारी एक तरी असतेच. आमच्याकडे ती बटन लावणारी आहे.

"अवं, जुन्याच प्लॅनचे तीन रिचार्ज आत्ताच मारून ठेवा," ती म्हणाली. "मंग कंपनी काय करते? आपन जुने गिऱ्हाईक झालो ना."

"तुले कोनं सांगतलं?" मी विचारलं.

"दुकानदारानं."

"त्यानं सांगनारच. त्याले कमिशन भेटते."

"मंग नको मारू. अन् मंग माया व्हाट्सॅप पाहाले येजो नको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या रिचार्जच्या दुकानापुढे आमचीच अर्धी लाइन उभी होती आणि शहाणी म्हणवणारी मी त्यात पाचवी होते. तीन मारले. पंधरा दिवसांनी मेसेज: तुमचे शिल्लक रिचार्ज नव्या लाभांसह सुरू राहतील. नवे लाभ म्हणजे तेच, रोज दीड जीबी. दुकानदाराकडे गेलो तर त्याने दोन्ही हात पोटावर ठेवून सांगितलं, "ताई, मी तं कंपनी नाही ना." पैसे घेताना तो कंपनी होता.

कस्टमर केअरला लावलं. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई अर्धा तास सांगत राहिली, बाजा वाजवून वाजवून. मग खरी मुलगी आली. आवाज गोड, साखर जास्त झालेल्या चहासारखा. मी सांगितलं, आई बहिरी आहे, मला व्हिडिओच लागतो.

"मी आपली अडचण समजू शकते मॅडम. आपल्याला कॉलिंग मात्र अनलिमिटेड आहे."

"अहो, तिला ऐकू येत नाही."

"हो मॅडम. आपल्या आईच्या नंबरवर सध्या कॉलर ट्यून फ्री देत आहोत, सुरू करू का?"

मी फोन ठेवला. इतकी हुशार माणसं एका ठिकाणी जमवायला कंपनीला किती मेहनत पडली असेल.

सुट्टीच्या दिवशी अकोल्याला गेले. काकाजींना सांगितलं तर ते शर्ट बदलूनच आले. "चाल, त्यायच्या दुकानात जाऊ. माय, तूई चाल," असं म्हणत त्यांनी आईला खूण केली. कंपनीचं ते मोठं दुकान म्हणजे काचेचा दवाखाना. आत इतका गारठा की आईने पदर कानावरून घेतला. टोकन देणारं यंत्र, भिंतीवर हसणाऱ्या बाईचा पुठ्ठा, आणि टेबलामागे टाय घातलेला एक पोऱ्या. त्याने तेच सुरू केलं.

"काका, कॉलिंग अनलिमिटेडच आहे. चोवीस तास बोला."

"कोनाशी?"

"कोणाशी पण. ऑल इंडिया."

"हां," काकाजी म्हणाले आणि आईची खुर्ची त्याच्यासमोर सरकवली. "मंग यायच्याशी बोला. आमी बसतो."

पोऱ्या आधी हसला. मग पुढे वाकून आईला मोठ्याने म्हणाला, "मॅडम, तुमचा प्लॅन." मग आणखी मोठ्याने. आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि माझ्याकडे वळून तिने बोटं ओठांपुढे फडफडवली. म्हणजे, हा फार बकबक करतो.

"काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

"तुमचं कौतुक करून राहिली," काकाजी म्हणाले. "आता सांगा, यायले तुमच्या अनलिमिटेड कॉलिंगचा काय उपयोग? लोनचं घालाचं का त्याचं?"

"सर, सिस्टीममध्ये बहिऱ्या लोकांसाठी ऑप्शनच नाही."

"सिस्टीम कोनी बनवली?"

"ते वरून येते सर."

"वरून तं पाऊस येते, बापू. हे मानसानं बनवलं हाय."

अर्ज दिला. काकाजींच्या हातचा, समासासकट, विषय अधोरेखित. पोऱ्याने तो दोन बोटांत धरून एका ट्रेमध्ये टाकला, जिथे आधीच एक बिस्किटाचा पुडा होता. आणि निघताना एक टॅब पुढे केला: सेवेबद्दल समाधानी आहात का. मी नको म्हणेपर्यंत आईने त्यातला हसरा चेहरा दाबला. तिला वाटलं, चहा पाजला नाही तरी पोराचा मान ठेवावा. कंपनीच्या हिशेबात त्या दिवशी आम्ही पूर्ण समाधानी.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, काय झालं. मला सांगता येईना. काकाजींनी ओंजळ केली, सूर्य उगवून मावळायची खूण केली आणि ओंजळ उलटी केली. रोज एवढंच. मग संपलं. आईने समजल्याची मान हलवली. मला वाटलं, बरं झालं, सोपं करून सांगितलं.

पुढचे दोन-तीन दिवस आईच्या खुणा लहान झाल्या. नेहमी ती हात खांद्यापासून हलवते, आता बोटांवर आली. पुष्कळदा स्क्रीन अर्धी अंधारी दिसायची. मी म्हटलं, फळीवर काहीतरी आडवं आलं असेल. मंगळवारी मी खोलीवर आले, कॉल लावला, तिने उचलला, मनगटावर टिचकी मारली, दिवसाची विचारपूस झाली आणि एकदम काळं झालं. कॉल चालू होता. वर सेकंद पळत होते. दीड जीबी संपला नव्हता, मी तपासलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. मी टिचकी मारायची ती माझ्याच मनगटावर मारत बसले, कोणाला दिसणार होती.

न्हाणीच डोळ्यापुढे आली. दुसऱ्या फोनवरून, शेजारणीच्या, मी काकाजींना साधा कॉल लावला. ते "थांब, चाललो," म्हणाले आणि फोन चालू ठेवूनच जिना चढले. पायऱ्या ऐकू येत होत्या. प्रत्येक पायरीला दम. मधे थांबले तेव्हा वाटलं, त्यांचंच काही होतं की काय. मग दार ढकलल्याचा आवाज. आईच्या दाराला कडी नसते, ठोठावलेलं कळत नाही ना. मग काकाजी हसायला लागले, आणि हसता हसता खोकायला.

"पोरी, माय ठीक हाय. पोया करून राहिली. मोबाईलवर गंज उपडा घातला हाय."

"काय घातलं?"

"गंज. स्टीलचं पातेलं. वरून फडकं टाकलं."

अकोल्यात नळ रोज येत नाही. येईल तेव्हा भरून ठेवायचं, झाकण घालायचं, लागेल तेव्हाच उघडायचं, ही आईची सगळी हयात. तिच्या ओट्याखाली दोन ड्रम, दोन्ही झाकलेले. आणि काकाजींनी ओंजळ दाखवली होती. तिने डेटा झाकून ठेवला. बोलणं झालं की गंज घालायचा, काही सांगायचं असलं की काढायचा. उगाच वाहू कशाला द्यायचं. दोन-तीन दिवस ती खुणा लहान करून, फडकं अर्धं ओढून माझ्यासाठी वाचवत होती, आणि काकाजींनी गंज उचलला तेव्हा तिने मोठ्या अभिमानाने खूण केली: पुरवते आहे.

कंपनीच्या त्या पोऱ्याला, त्या गोड मुलीला, वरून ज्याने पाठवलं त्या कोणाला हे दाखवावंसं वाटलं. मग वाटलं नको. ते म्हणतील, ग्राहकाने डेटाचा उत्तम वापर केला.

मी काकाजींना सांगितलं की मी उद्या राजीनामा देते. महिन्यापूर्वीच मला कॉलर लावायला बसवलं होतं, लाइनवरचं सगळ्यात जोखमीचं काम, ते मिळायला मला अडीच वर्षं लागली होती. तरी म्हटलं, अकोल्यात भांडी घासेन, पण अशी वीस मिनिटं मला परत नको.

"झालं बोलून?" काकाजी म्हणाले.

"हो."

"आठवीतून शाळा सोडली तवा कोनी आडवं आलं होतं का तुले?"

"नाही."

"आता मी येऊन राहिलो. नोकरी सोडायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरमन बोलावला. आईच्या खोलीत, ओट्याजवळ आणि न्हाणीत, हाताला येईल असं एकेक बटण. कोणतंही दाबलं की खाली काकाजींच्या पलंगाजवळ घंटी वाजते. आणि खालून त्यांनी बटण दाबलं की आईच्या ओट्यावर लाल दिवा लागतो, म्हणजे वर येतो आहे. बस, एवढंच. कोणाचा स्पीड कमी होत नाही. आईला त्यांनी हे सगळं समजावलं, यावेळी ओंजळ न करता. आणि रोज संध्याकाळी साडेसातला ते स्वतः वर जाऊन बसतात, पेपर घेऊन. आई पोळ्या लाटते, ते बातम्या खुणांनी सांगतात. मंत्र्यांसाठी त्यांनी जी खूण काढली आहे ती मला लिहिता येणार नाही.

"तू अर्धा तास पाहात जाय," मला म्हणाले, "बाकीचं मी पाहातो."

मी आता अर्धाच तास बघते. गंज फळीवर नसतो. परवा कंपनीचा मेसेज आला की गेल्या महिन्यात तुमचा बराच डेटा शिल्लक राहिला, अधिक डेटासाठी खास ऑफर घ्या. मी तो लाइनवर वाचून दाखवला तर बटनवाली म्हणाली, "घे ना, जुनं गिऱ्हाईक हायेस तू."

भीती गेली असं नाही. मशीनवर बसले की अजूनही मनात न्हाणी येते, आणि घंटी खराब झाली तर काय, काकाजी गावाला गेले तर काय. पण ते गावाला जात नाहीत. मागच्या खेपेला मी त्यांच्या डोळ्यात पांढरं पाहिलं. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरने तारीख दिली होती, यांनी दोनदा पुढे ढकलली. त्यांच्या घरच्या काकूंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही; त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "म्हनते, ऑपरेशन झालं तं जिना चढता येनार नाही काही दिवस. मंग वर कोन जाईन?"

मी त्यांच्याशी भांडले. ते ऐकेनात. म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही. काकाजी, तुम्ही तारीख घ्या. रजा मिळाली तर रजा काढून, नाही मिळाली तर बिनपगारी, मी जठारपेठेत येऊन राहीन. डोळ्यात थेंब मी घालीन, पेपर मी वाचीन, आईकडे मी बघीन आणि तुम्ही जिन्याकडे फिरकायचं नाही. या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी, पण हे मी करणार आहे.