घंटीला थांबणारे चाचा

आमच्या रेल्वे गेटवरची घंटी वाजायला लागली की सगळं सोलापूर गाडी पळवायचं आणि एकटे चाचा गाडी थांबवायचे. वडापची गाडी चालवणारा माणूस कशाला तरी थांबतो, हे ऐकून कुणालाही खोटंच वाटेल. वडाप म्हणजे माणूस दिसला की आत कोंबायचा, फट दिसली की गाडी घालायची आणि मागच्याला पुढं जाऊ द्यायचं नाही. चाचांच्या टमटमवर सहा सिटा लिहिलेलं होतं आणि ते खरंच सहा माणसं बसवायचे. हा माणूस पत्ता चुकून या धंद्यात आलाय, असं आमच्या बिराजदारबाईंचं मत होतं आणि ते त्या चाचांच्या तोंडावर सांगायच्या. चाचा हसायचे आणि म्हणायचे, "व्हय की."

आम्ही सहा बायका एकाच हायस्कुलात शिकवायला. राहायला सगळ्या जुळे सोलापुरात आणि शाळा रुळांच्या पलीकडच्या गावात. मधे रेल्वेचं गेट. गेटमनच्या केबिनवर विजेवर वाजणारी घंटी बसवलेली होती. गाडी यायची झाली की आधी ती वाजायला लागायची आणि मग जरा वेळानं दांडा सावकाश खाली यायचा. हा मधला जरासा वेळ रस्ता मोकळा व्हावा म्हणून रेल्वेनं ठेवलेला असणार. आम्ही सोलापूरकर मात्र तो आपल्याला निसटायला दिलाय असं धरून चाललेलो. घंटी वाजली रे वाजली की मोटारसायकली, रिक्षा, दुधाच्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टरसुद्धा अंगात आल्यासारखे सुटायचे. दांडा डोक्यावर आला तरी मान वाकवून जाणारे बहाद्दर रोज दिसायचे आणि ते पलीकडे पोचल्यावर मागं वळून आमच्याकडे बघायचे.

आम्ही कुठं असायचो? दांड्यापासून चांगली वीस पावलं मागं. घंटीचा पहिला आवाज कानावर पडला की चाचा गाडी डाव्या बाजूला घ्यायचे, इंजिन बंद करायचे, चावी काढायचे, ती शर्टाच्या खिशात टाकायचे आणि खिशाचं बटण लावायचे. हे बटण बघून माझं डोकं फिरायचं. म्हणजे आता देव खाली आला तरी गाडी हलणार नाही! मग सीटखालचं फडकं काढून ते आरसे पुसायला घ्यायचे. दोन आरसे, ते पुसून पुसून किती पुसाल? पण गाडी येऊन जाऊन दांडा वर होईपर्यंत ते काम पुरायचं.

घंटीशी त्यांचं घरच्यासारखं होतं. पावसाळ्यात तिचा आवाज घोगरा आला की म्हणायचे, आज बसलाय घसा तिचा, पाणी गेलं असंल. मालगाडी लागली की डबे मोजायचे आणि आकडा आम्हाला सांगायचे, जणू आम्हाला तो वर्गात फळ्यावर लिहायचा होता. आमचा जीव इकडं घड्याळात अडकलेला. आमचे हेडसर मस्टर समोर ठेवून बसायचे. प्रार्थना सुरू झाल्यावर जी बाई आत येईल तिच्या नावापुढं लेटमार्क आणि तीन लेटमार्क झाले की एक रजा गेली. माझ्या वर्षाच्या निम्म्या रजा या घंटीनं खाल्ल्या, असं मी घरी सांगायची.

चाचांनी यावर उपाय सुचवला नव्हता असं नाही. ते म्हणाले, दहा मिनिटं आधी निघू या. सहाच्या सहा जणींनी त्यांना फाडून खाल्लं. पहाटे उठून भाकऱ्या, डबे, नवऱ्याचा चहा, सासऱ्यांच्या गोळ्या, पोरांची आवराआवर हे सगळं उरकून जी बाई धापा टाकत टमटमला लटकते तिला दहा मिनिटं आधी निघा म्हणायचं, म्हणजे काय? चाचा फडकं घेऊन आरशाकडे वळले.

माणूस एवढा थांबतो तर त्यामागं काहीतरी घडलेलं असणार, असं आमचं सगळ्यांचं ठरलं. बिराजदारबाईंनी चाचांचा एक भाऊ त्या गेटवर मारून टाकला. दुसऱ्या एका बाईंनी भाऊ नव्हे, पहिली बायको, अशी दुरुस्ती केली. वर्षभर आम्ही त्यांच्याकडे हळहळून बघत होतो आणि चिडलो तरी जरा जपून चिडत होतो. शेवटी ईदेला त्यांनी आम्हाला शिरखुर्मा आणला तेव्हा मी भीत भीत विचारलंच. चाचा आधी गोंधळले आणि मग इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. भाऊ गॅरेज चालवत होता. बायको एकच, तीच शिरखुर्मा करणारी. "कुछ हुआ नै बाई," ते म्हणाले. "काय तरी झाल्यावरच थांबायचं असतंय काय? घंटी वाजती, म्हणून थांबतो." आमची वर्षभराची हळहळ फुकट गेली. त्यानंतर आम्ही त्यांच्यावर मोकळेपणानं चिडायला लागलो.

मग तो दिवस आला. शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला येणार होते. हेडसरांनी आदल्या दिवशी बजावलं होतं की उद्या जी उशिरा येईल तिनं साहेबांसमोरच कारण सांगायचं. आम्ही गेटपाशी आलो आणि घंटी वाजली. चाचा थांबले, चावी, बटण, फडकं. गाडी आली, गेली. दांडा वर झाला. घंटी मात्र वाजतच राहिली. दोन्ही बाजूंची वाहनं सुसाट निघाली आणि आमच्या मागचे लोक हॉर्न वाजवून, शिव्या देऊन बाजूनं पुढं गेले. चाचा जागचे हलेनात.

"चाचा, गाडी गेली की," मी म्हटलं.

"घंटी चालू हाय की बाई," चाचा म्हणाले.

गेटमननं केबिनमधून हात हलवून ओरडून सांगितलं, घंटी बिघडलीय, जावा तुमी. चाचा खाली उतरले, केबिनपाशी गेले आणि त्यांनी शांतपणे विचारलं की आता दुसरी गाडी यायला लागली तर घंटी कशी वाजंल? गेटमन म्हणाला, आता वाजतीय तशीच वाजंल. "मग मला कसं कळायचं?" चाचांनी विचारलं. गेटमननं डोकं खाजवलं. दांडा वर हाय म्हणजे गाडी न्हाय, एवढं त्यानं सांगून बघितलं. चाचांचं म्हणणं, घंटी बिघडली तसा दांडा बिघडला नसंल कशावरून? घंटी दुरुस्त करायला माणूस निघालाय असं गेटमनच सांगतोय, तो आला की ती बंद होईल आणि ती बंद झाली की आपण जाऊ. एवढं बोलून ते परत येऊन गाडीत बसले. आजही मला त्या बोलण्यात चूक काढता येत नाही, पण त्या दिवशी मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

आम्ही सहाजणी उतरलो. बिराजदारबाई रस्त्यात उभ्या राहून त्यांना नाही नाही ते बोलल्या. आम्ही चालत रूळ ओलांडले आणि पलीकडे बाळूची जीप उभी होती तीत चढलो. बाळू म्हणजे वयानं तिशीच्या आतला, केसांना तेल आणि स्टेअरिंगवर एकच हात. त्यानं आम्हाला प्रार्थनेआधी शाळेत सोडलं. उतरता उतरताच आमचं ठरलं की उद्यापासून बाळू. मधल्या सुट्टीत शिपाई माझा डबा घेऊन आला. गडबडीत तो टमटममध्येच राहिला होता. घंटी बंद झाल्यावर चाचा रिकामी गाडी घेऊन शाळेपर्यंत आले होते, डबा फाटकात देऊन परत गेले होते. मी तो डबा खाल्ला आणि तरीही उद्यापासून आम्ही येणार नाही हे त्यांना कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा रोजच्या जागी उभे होते. त्यांच्या मागं बाळूची जीप. आम्ही एकमेकींकडे न बघता टमटमशेजारून गेलो आणि जीपमध्ये बसलो. त्यांना ते दिसलं. त्यांनी हाक मारली नाही, विचारलंही नाही. आम्ही सहाजणी म्हणजे त्यांची सकाळची सगळी फेरी होती, हे आम्हाला चांगलं माहीत होतं. नंतर ते स्टँडवर तास तास उभे दिसायचे, कधी एक म्हातारी, कधी दोन कॉलेजची पोरं घेऊन जायचे. उन्हाळ्यात पंक्चरवाल्यानं सांगितलं की चाचा टमटम विकायचं म्हणतायत. मला वाईट वाटलं. पण लेटमार्क बंद झाले होते, हेही खरं.

जूनमध्ये माझी सई पहिलीत गेली. तिची शाळाही रुळांच्या पलीकडेच, आमच्या शाळेच्या गावाच्या अलीकडे. बाळूनं स्वतःहून विचारलं, "मॅडम, पोरीला पन सोडतो की, वाटंवरच हाय." मी इतक्या झटकन नको म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. ज्या जीपमध्ये मी रोज बसत होते तीत माझी पोर बसवायला मी तयार नव्हते. संध्याकाळी मी गुपचूप चाचांच्या घरी गेले. दारात बिराजदारबाई उभ्या, नातवाचं विचारायला आलेल्या! आम्ही एकमेकींना बघून अशा लाजलो की विचारू नका. आत आमच्यातल्याच आणखी एक बाई आधीच चहा पीत बसल्या होत्या.

टोमणा मारायची एवढी मोठी संधी त्या माणसाला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी ती घेतली नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं की पोरगी गाडीत उलटी करते काय, करत असेल तर तिला कडेला बसवतो. आठवड्याभरात टमटम पोरांनी भरली, विकायचं राहून गेलं. बारकी पोरं म्हणून सहाऐवजी सात बसवली, याचं त्यांना कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

आम्ही मात्र बाळूचीच जीप धरून राहिलो. हे सांगायला मला आज बरं वाटत नाही, पण तसंच झालं. पोरं चाचांकडे आणि आया बाळूकडे. सकाळी घंटी वाजली की आमच्या पोरांची टमटम डाव्या कडेला थांबलेली असायची आणि आमची जीप तिच्या उजव्या अंगानं, खाली येणाऱ्या दांड्याखालून निघून जायची. मी त्या वेळी पर्समध्ये काहीतरी शोधत बसायची.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी सईची वेणी घालत होते. ती म्हणाली, आज सतरा बगळे होते. मी विचारलं, कुठं? तिनं सांगितलं की गेटपाशी डावीकडं जो नाला आहे तिथं बगळे बसतात, घंटी वाजली की सगळ्यांनी ते मोजायचे, असा चाचांचा खेळ आहे. नियम एकच, डावीकडंच बघायचं. जो उजवीकडं बघेल तो आउट.

"उजवीकडं काय असतं?" मी विचारलं.

"काय माहीत," सई म्हणाली. "आम्ही कुणी बघतच नाही."

उजवीकडून आम्ही जात होतो. त्या माणसाला आम्ही एका दिवसात सोडलं होतं, बोलू नये ते बोललो होतो आणि तो रोज सकाळी आमच्या पोरांच्या माना दुसरीकडं वळवून आम्हाला झाकत होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चाचांना जाऊन आता दोन वर्षं झाली. साखर होती, मग किडनीचं झालं, शेवटी शेवटी गाडी मुलगाच चालवायचा. त्यांच्या मातीला आम्ही सहाजणी गेलो होतो, बायका म्हणून बाहेर रस्त्यावरच उभ्या राहिलो. बिराजदारबाई, ज्यांनी त्यांना सगळ्यात जास्त बोल लावले, त्याच सगळ्यात जास्त रडल्या. मला मात्र तेव्हाही ती वेणीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवत होती.

त्या सकाळी घंटी वाजली तेव्हा मी बाळूला जीप थांबवायला सांगितली. तो म्हणाला, मॅडम, निघतंय की आरामात. मी म्हटलं, मला उतरव. त्यानं चिडून ब्रेक मारला, मी उतरले आणि जीप दांड्याखालून निघून गेली. मी टमटमला वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. सातही पोरांची तोंडं माझ्याकडे होती. सई ओरडली, आई! चाचांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान विचारतील तरी. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते.

"बाई," चाचा म्हणाले, "जरा बाजूला व्हा की. पोरांचे बगळे झाकायलाय तुमी."

मी बाजूला झाले.