हार्बरफ्रंटवरून हाकलेली गाडी

नाव: निशिकांत वामन मोघे. वय: सत्तेचाळीस. मूळ गाव: पुणे. सध्याचे वास्तव्य: सिंगापूर, एम्प्लॉयमेंट पासवर. हुद्दा: एका शिपिंग कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर. अन्य जबाबदारी: कुटुंबीयांच्या व आप्तांच्या सर्व सहलींचे नियोजन, नियंत्रण आणि देखरेख. उपरोक्त अधिकार त्यांस कोणी व केव्हा प्रदान केले याची नोंद आढळत नाही. तथापि त्यांस आजवर कोणी आव्हान दिलेले नाही.

तर असे हे निशिकांत मोघे त्या दिवशी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसून बालीमध्ये गाडी चालवत होते. म्हणजे स्टिअरिंग कोमांग नावाच्या ड्रायव्हरच्या हातात होतं, पण त्याने आपलं लाइव्ह लोकेशन पाठवलं होतं आणि गाडी कुठे वळणार, कुठे थांबणार हे इथून ठरत होतं. गाडीत निशिकांतचे सासू-सासरे होते. दोघं कोल्हापूरहून लेकीकडे सिंगापूरला आले होते आणि निशिकांतने त्यांना बालीला पाठवलं होतं. आपणही जाऊ या, असं त्याची बायको विनीता म्हणाली होती. रजा मिळत नाही, ड्रायव्हर खात्रीचा आहे, आणि मी आहेच की लक्ष ठेवायला, असं निशिकांत म्हणाला होता.

सासरे, दीनानाथ, उद्यमनगरातल्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी तो लाकडात हुबेहूब घडवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी फर्निचर दिसलं की आधी खालून हात फिरवून बघायची सवय गेली नव्हती. सकाळी त्यांनी गाडीतूनच फोन केला.

"निशिकांतराव, लाकडावर कोरीव काम करणाऱ्यांचं गाव वाटेतच आहे म्हणतोय हा. जरा बघतो की."

"बाबा, ते कमिशनचे अड्डे असतात. ड्रायव्हर मुद्दाम नेतात तिथे. लाकडी घुबडं गळ्यात मारतात."

"मला घ्यायचं काही न्हाई. हत्यारं बघायची होती."

"आपला भातशेतीचा पॉइंट आहे, मग उबुडला शुद्ध शाकाहारी जेवण. वेळ नाही पुरणार."

"बरं," सासरे म्हणाले.

सासऱ्यांचं 'बरं' विनीताला कळायचं. निशिकांतला ती संमती वाटली. त्याने कोमांगला स्पष्ट बजावलं: नो वर्कशॉप. कुठल्याही परिस्थितीत. कोमांगने अंगठा पाठवला आणि मोघे मीटिंगला गेले.

मीटिंगमध्ये त्याचं एक लक्ष पडद्यावरच्या तक्त्यांकडे होतं आणि दुसरं टेबलाखाली धरलेल्या फोनवरच्या ठिपक्याकडे. ठिपका भातशेतीपाशी थांबला. थांबणारच होता. पण हलण्याची वेळ झाली तरी हलला नाही. निशिकांत बोटाने नकाशा मोठा करून बघत राहिला, जणू त्यामुळे गाडी सुरू होणार होती. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. तो खोलीबाहेर लिफ्टपाशी गेला.

"अहो निशिकांत, हे कुठं दिसंनात."

"म्हणजे?"

"मी खाली फोटो काढायला गेले. हे गाडीपाशीच थांबतो म्हणाले. परत येऊन बघते तर न्हाईत. फोन सीटवरच ठेवून गेलेत."

"तिथेच असतील आई, शेताच्या कडेने फिरत."

"आवो, इन्सुलिन घेतलंय सकाळी! आणि नाश्त्याला काही गेलं न्हाई त्यांना, तो बुफे बघूनच उठले. जेवण उबुडला म्हणून थांबलेत. साखरेच्या गोळ्या माझ्या पर्समधी."

निशिकांतने काचेतून बाहेर पाहिलं. खाली बाटाम बेटाकडे जाणारी फेरीबोट धक्क्यापासून सुटत होती. फोनवरचा ठिपका अजून जागच्या जागी होता, आणि हा ठिपका गाडीचा आहे, माणसाचा नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

"कोमांगला द्या फोन."

कोमांगचा आवाज शांत होता, आणि तेच असह्य झालं.

"सर, मी शेतात पाहिलं. पाटाच्या कडेने पाहिलं. रस्त्यावर पण पाहिलं."

"मग राहिलं काय?"

"मागच्या वाडीत वर्कशॉप आहेत सर. इथून ठोकल्याचा आवाज येतो. बापाक मघाशी कान देऊन ऐकत होते."

'बापाक' म्हणजे वडीलधारे, हे निशिकांतला पहिल्या दिवशी कोमांगनेच सांगितलं होतं.

"अरे मग जा ना तिथे!"

मग कोमांग म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाला होतात, कुठल्याही परिस्थितीत नाही."

"जा!" निशिकांत इतक्या जोरात ओरडला की लिफ्टमधून निघालेली बाई पुन्हा आत शिरली. "सगळ्या वर्कशॉपमध्ये जा! एकही सोडू नको!"

लगेच विनीताचा फोन. ती सिंगापुरातच, पाया लेबार भागातल्या आपल्या ऑफिसातून बोलत होती आणि आईने तिलाही कळवलं होतं.

"बाबा तसे न सांगता जात नाहीत. तुला काही विचारलं होतं का त्यांनी?"

"तसं काही नाही."

"निशी."

"वर्कशॉप बघू का म्हणाले होते. मी म्हटलं, वेळ पुरणार नाही."

"काय म्हणाले मग?"

"बरं म्हणाले."

विनीताने मोठा श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "तुला वीस वर्षांत माझा बाप कळला नाही. मी संध्याकाळचं विमान बघते."

"अगं थांब, सापडतील."

"कोण शोधतंय? तू? हार्बरफ्रंटवरून?"

तिने फोन ठेवला. आत मीटिंगमध्ये कोणीतरी त्याचं नाव घेत होतं, आणि काचेच्या दारातून त्याने हातानेच 'थांबा' केलं. त्या इमारतीत त्याचं ऐकून थांबणारे बरेच लोक होते. त्याचा या घडीला उपयोग नव्हता. रक्तातली साखर उतरली की माणूस आधी घामाने भिजतो, मग बरळतो, मग आडवा होतो, हे त्याला ठाऊक होतं. पाटाला पाणी किती असतं, हे ठाऊक नव्हतं.

कोमांगचा व्हिडिओ कॉल आला. आधी नुसता जमिनीचा कोपरा दिसला, मग लाकडाचे ढलपे, मग एक चप्पल. ती सासऱ्यांची होती. पुढे सासरे. भिंतीला टेकवून बसवलेले, बनियन घामाने चिकटलेलं, मान एका बाजूला. एक बाई त्यांच्या तोंडात काहीतरी तपकिरी घालत होती आणि हनुवटी धरून गिळायला लावत होती.

"ताडाचा गूळ आहे सर," कोमांग म्हणाला. "या बाईंच्याही घरात साखरेचा त्रास आहे. त्यामुळे बघताच समजलं."

"बाबा! ऐकू येतंय का?"

सासऱ्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. सासूबाई चौकटीत शिरल्या, त्यांनी पर्स तशीच जमिनीवर उपडी केली आणि गोळ्या शोधल्या. "उघडा हो डोळं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. निशिकांत लिफ्टपाशी उभा होता आणि त्याला सांगण्यासारखी एकही सूचना सुचत नव्हती. बाईने आणखी एक खडा भरवला. मग गोड चहा.

बऱ्याच वेळाने सासऱ्यांनी डोळे उघडले. आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्यामागे, जिथे मांडी घालून बसलेला एक कारागीर हातातलं काम अर्धवट सोडून त्यांच्याकडेच बघत होता.

"ह्यांच्या पटाशीला मूठच नसते," ते म्हणाले. "नुस्तं लोखंड. आणि लाकूड पायानं धरतात."

सासूबाई रडायला लागल्या. "मेलं ते लाकूड! जीव जात होता तुमचा!"

"बाबा," निशिकांत म्हणाला, "आता सरळ हॉटेलवर जा. मी कोमांगला सांगतो. उद्याचा सगळा कार्यक्रम बदलू, मी नवीन करून पाठवतो—"

सासऱ्यांनी फोनकडे पाहिलं.

"निशिकांतराव, फोन ठेवा. माझ्यामुळं ह्यांचं काम थांबलंय."

फोन बंद झाला. थोड्या वेळाने ठिपकाही गेला. विनीता संध्याकाळच्या विमानाने बालीला पोहोचली, आणि उरलेले दोन दिवस ते तिघं कुठे कुठे फिरले, हे निशिकांतला अजूनही माहीत नाही.