बॅटरीचा ताप बघणारे गुरुजी

बदली होऊन मुरूमला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या ओसरीवर मी एक विचित्र दृश्य पाहिलं. धोतर-बंडीतले एक वयस्कर गृहस्थ जुन्या मोबाईलची चपटी बॅटरी गालाला लावून डोळे मिटून बसले होते. तिच्या दोन वायरी चार्जिंगच्या बारक्या पट्टीला जोडलेल्या. मी थबकलो, तसे म्हणाले, "ताप बघायलोय. चार्ज होताना अंग लई तापलं की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय."

हे चनबसप्पा गुरुजी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, मुलगी लातूरला. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांतून टाकलेले फोन आणायचे, त्यांच्या बॅटऱ्या मीटरवर तपासायच्या आणि ज्यांच्यात जीव शिल्लक आहे त्यांच्यावर दिवे, रेडिओ असं काहीबाही चालवायचं, हा त्यांचा छंद. "काच फुटली म्हणून फोन टाकत्यात. बॅटरीनं काय गुन्हा केला?" असं ते विचारत. पण शिस्त कडक. फुगलेली बॅटरी सरळ वाळूच्या डब्यात जायची. बाकीच्या फरशीच्या तुकड्यावर ठेवून आठवडाभर चार्ज करून, पुन्हा रिकाम्या करून बघितल्याशिवाय ते कुणाला देत नसत. कुणी घाई केली तर म्हणत, "सोयरीक करताना चौकशी करता न्हवं? मग हिचीबी करू द्या."

समोरच्या शोभाताई ब्लाऊज शिवायच्या. वीज गेली तरी काम अडू नये म्हणून गुरुजींनी त्यांच्या शिलाई मशीनवर असाच एक दिवा बसवून दिला होता. लग्नसराईत वीज फारच जायला लागली, तशा त्या म्हणाल्या, "गुरुजी, दिवा लवकर मंद व्हायलाय. जरा जास्त वेळ चालंल असं करा की. परवा नवरीची कापडं द्यायचीत." त्यांची धावपळ बघून गुरुजींनी नुकत्याच आणलेल्या एका फोनची मोठी बॅटरी त्यात घातली. चौकशी न करता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार्जिंगला लावलेला तो दिवा फुसफुसला आणि पेटला. शोभाताईंनी तो उचलून अंगणात भिरकावला, पण तोवर उजवा तळहात भाजला होता आणि नवरीच्या ब्लाऊजचं जरीचं कापड जळालं होतं.

हात बरा होईपर्यंत गुरुजी रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जायचे. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसायचे.

"मीच घाई केली, गुरुजी," शोभाताई म्हणायच्या.

"घाई तुमची होती, बाई. बॅटरी घालणारा हात माझा होता."

मग एका सकाळी त्यांनी उरलेल्या सगळ्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि धाराशिवला असलं भंगार रीतसर घेणाऱ्याकडे नेऊन दिल्या. मी सोबत होतो. एसटीत त्यांनी ती पिशवी खाली ठेवली नाही. येताना रिकाम्या पिशवीची घडी करून ती मांडीवर धरून बसले.

शोभाताईंचा हात बरा झाला, मशीन सुरू झाली. अधूनमधून त्या हाक मारायच्या, "गुरुजी, दिवा करून देताय न्हवं?" गुरुजी कसनुसं हसून आत निघून जायचे. हळूहळू ओसरीवर बसणंही त्यांनी सोडलं. शेवटी मुलगी न्यायला आली.

स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो. गाडी लागली तेव्हा शोभाताई म्हणाल्या, "तुमी टाळत राहिलात गुरुजी, ते भाजण्यापेक्षा जास्त लागलं."

गुरुजी गोंधळले. "मला वाटलं, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून मागताय."

"बरं वाटायला कशाला? लाईट जाते म्हणून मागत होते."

इतक्या महिन्यांत गुरुजींचा चेहरा असा मोकळा झालेला मी पाहिला नव्हता. गाडीच्या पायरीवर चढलेले ते अर्धे खाली उतरले. मुलीनं "अप्पा, चला," म्हणून दंड धरला. गाडी सुटताना खिडकीतून हात बाहेर काढून ते ओरडले, "पुढच्या खेपेला येतो तवा करतो! नीट आठवडाभर बघून!"

शोभाताईंनी मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात सांगून दोन जुने फोन बाजूला काढून ठेवायला लावले.

लातूरहून फोन आला तो गुरुजी गेल्याचा. झोपेतच गेले, असं मुलगी म्हणाली. मी शोभाताईंना सांगायला गेलो. त्यांनी मशीन थांबवली आणि भाजलेला तळहात उलटून पाहिला.

"पायरीवर बसायचे तवाच सांगायला पायजे होतं मी," त्या म्हणाल्या, "दिवा मला खरंच लागतोय, असं फोडून."