मी न धाडलेला निरोप

आमच्या विधवा आईच्या पाटाला, तिच्या दुसऱ्या लग्नाला, तिच्या मुलाची, म्हणजे माझी, संमती होती असं सगळे सोयरे मानतात. ती नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. एकट्या अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, ते ठाऊक होतं. गेल्या महिन्यात सोनईहून ती गेल्याची तार आली, तेव्हा रडू येण्याआधी मनात आलं ते हे, की आता हे जाणणारं कुणी उरलं नाही... त्या क्षणाची लाज वाटते, म्हणून लिहितो आहे.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. अक्का सोनईला नांदत होती, मी नगरला शाळेत मास्तर होतो आणि आई पारनेरात एकटी. एकटी म्हणजे घरात. गावात ती सगळ्यांच्या चुलीपर्यंत असे. शेजारणीचं लोणचं चाखून न विचारता मीठ घालून येई. अक्काकडे चार दिवस म्हणून गेली की महिना राही आणि तिच्या सासूला म्हैस पिळायला शिकवी. सासू एकदा म्हणालीच, "विहीणबाई, तुमी यायच्या आदी आमची म्हस काय ताक देत हुती व्हय?" आम्ही सगळे आईच्या या खोडीला हसायचो नाहीतर वैतागायचो. अक्कानं मात्र ती ओळखली. मला म्हणाली, "तिला लुडबुडायला हक्काचं घर पायजे रं. लोकाच्या संसारात किती दिस हात घालंल?"

सोनईच्या शिवाराला तात्यांचा भाजीचा मळा होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही, माणूस अबोल. स्वतःच्या हातानं भाकरी थापायचे, आणि ती तव्यावरच चिरायची. अक्कानं आधी त्यांना बजावून ठेवलं, "आई काय बी बोलली तरी निस्ती मान हलवा," आणि मग आईला मेथी आणायला मळ्यात धाडलं. आई उन्हं कलल्यावर परतली. कोपरापर्यंत चिखल.

"मेथी कुटं हाय?"

"इसरले. त्या बाप्याची चूल बगितलीस का? सगळा धूर डोळ्यांत. मोडली आन् नवी घातली."

पुढं काही दिवस शांततेत गेले. आई उगाच अंगणात येरझाऱ्या घालायची. मग एका सकाळी तात्या दाराशी येऊन उभे राहिले. जमिनीकडे बघत म्हणाले, "चूल पडली म्हनावं." आई तरातरा गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ही पडली न्हाई, पाडलीया. हा कुदळीचा घाव हाय."

"व्हय," तात्या म्हणाले. "दुसरं कसं बलवू?"

हा प्रसंग अक्का इतक्या वेळा सांगायची, की तात्यांचा आवाजसुद्धा काढायची. तात्यांनी आयुष्यात एवढी एकच कारागिरी केली, असं म्हणून पदर तोंडाला लावून हसायची.

विधवेचा पाट आमच्या जातीत नवा नव्हता. पण तो लागायचा रात्री, अंधारात, गावाची पाठ वळल्यावर. सवाष्णीनं त्या बाईचं तोंडही बघायचं नाही. अक्का अडून बसली. "माजी आई काय चोरी करती? दिवसा लावीन, आन् कुकू मी लावीन." पंच बिथरले. तेव्हा अक्का म्हणाली, "बरं, रातीला लावते. पन रॉकेल मिळतंय का कुटं? बत्तीला रॉकेल तुमी आना." लढाईच्या त्या टंचाईत तेल कोण देणार! पंचांना दिवसाचा पाट कबूल करावा लागला.

राहिलो मी. माझी सोयरीक तेव्हा नगरातल्या एका शिकल्या घरात ठरत होती, आणि त्या घरात पाट लागत नसत. आई म्हणालेली, "बाळ्या हो म्हनला तरच मी पाटावर बसंन." अक्का नगरला येऊन बसली, समजावलं, शेवटी हात जोडले. मी म्हणालो, "मी येणार नाही." तरी पाटाच्या सकाळी पाय सोनईकडे वळले, ते का, हे मला आजही सांगता येत नाही. पाट तात्यांच्या मळ्यात लागत होता; तिथल्या बांधावर, बाभळीआड उभा राहिलो. अक्कानं मला पाहिलं. मुठीत अक्षता तशाच घेऊन ती तरातरा बांधापर्यंत आली.

"येतोस?"

"नाही."

"मग जा नगरला. पन तुजं नाव मी वापरनार."

एवढंच. ती वळली. मी तिथूनच पाहिलं, की आईपाशी जाऊन ती काही बोलली, आईनं डोळे पुसले आणि भर उन्हात, सगळ्या गावादेखत, लेकीनं आईच्या कपाळाला कुंकू लावलं. असं करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. ती माझी बहीण होती, हे सांगताना आज ऊर भरून येतो. तेव्हा मी तोंड फिरवून मोटारीच्या रस्त्याला लागलो.

नंतर आई भेटली तेव्हा माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "मोटार चुकली तरी तुजा निरोप आला, म्हून बसले रं." मी मान हलवली. पुढं भावकीत माझं नाव झालं, शिकला पण आईला विसरला नाही म्हणून. ते मी घेतलं. अक्का समोर बसलेली असायची. तिनं एकदा डोळ्यानंही मला टोकलं नाही. आई त्या मळ्यात पंधराएक वर्षं नांदली, तात्यांना वाफे कसे पाडावेत ते शिकवत राहिली, आणि माझ्या होकाराचं समाधान घेऊन गेली.

अक्काच्या तेराव्याला तात्या आले होते. आता नीट दिसत नाही त्यांना. माझा हात चाचपून धरला आणि म्हणाले, "तुजा निरोप आला नसता तर म्या आजबी एकटाच भाकरी थापीत असतो." मी मान हलवली. पुन्हा.

तात्यांना वाचता येत नाही. हे छापून आलं तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. अक्काला आता मला काही देता येणार नाही. तात्यांपुढं बसून, तो निरोप तिचा होता, माझा नव्हता, एवढं सांगण्याचं देणं मी लागतो.