गुडघ्याएवढं खोड

आखाडा बाळापुरात आमच्या घरासमोरची वाळलेली चिंच उतरवायला क्रेन आली, तेव्हा वडील रुसून घरातच बसले. त्यांची रोजची बैठक त्याच चिंचेखाली असायची.

क्रेनवाला मात्र भलताच हळुवार माणूस. कापलेली प्रत्येक फांदी तो झोपलेलं लेकरू खाटेवर ठेवावं तशी जमिनीवर टेकवायचा, आणि मगच श्वास सोडायचा.

शेवटी नुसतं खोड उरलं. त्यानं विचारलं, "इथं रोज कोण बसतं?" मी वडिलांना कसंबसं बाहेर आणलं. त्यांना खुर्चीवर बसवून त्यानं जमिनीपासून गुडघ्यापर्यंत दोरी धरली आणि तेवढ्याच उंचीवर खोडाला खडूनं खूण केली.

"झाड वाळलं, काका. तुमची बैठक काहून मोडायची?"

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वडील आता त्या खोडावर बसतात. पाय बराबर जमिनीला टेकतात.